रेतीवर माणूस नव्हतं

सावरखेडा धरणाचा भोंगा बंद झाला तेव्हा कोसमटोल्याच्या लोकांनी गूळखोबरं वाटलं होतं.

पाणी सुटण्याआधी वाजणारा तो भोंगा वाईट नव्हता, पण त्याचं वाजणं फार वाढलं होतं. पूर्वी उन्हाळ्यात धरणातून पाणी सुटायचं ते महिन्यातून एखाद्या वेळी. मग धरणावर वीज करणारी नवी यंत्रं बसली आणि दारं कधी उघडायची हे माणसांऐवजी संगणक ठरवू लागला. शहरात विजेची मागणी चढली की उघड, उतरली की लाव. कधी दिवसातून चारदा, कधी तीन-तीन दिवस नाहीच. भोंग्याने लोकांचे कान किटले. शेवटी शेवटी तर तो वाजला तरी कोणी मान वर करीना. मग भोंगा उतरवला आणि त्याच्या जागी इंटरनेटवर एक पान आलं. पान हिरवं असलं तर इतक्यात पाणी नाही. लाल असलं तर पाणी येणार, आणि किती वाजता ते खाली मोठ्या आकड्यात.

कोसमटोला हे ढिवरांचं गाव. धरणापासून नऊ किलोमीटर खाली, सातनाळी नदीच्या काठावर. धरण झाल्यापासून मासा वरच अडला होता, तेव्हा जाळी आढ्याला टांगून लोकांनी रेती धरली. हिवाळ्यात पात्र उघडं पडलं की बाया मधल्या रेतीच्या बेटावर डांगरवाड्या लावत. शहरात ज्याला टरबूज म्हणतात त्याला इकडे डांगर म्हणतात. त्या बेटाचा एक वाईट गुण होता. पाणी सुटलं की काठाकडचा खोलगट ओहोळ आधी भरायचा आणि बेट मागाहून बुडायचं. म्हणजे बेटावरच्या माणसाला पाणी दिसेपर्यंत परतीची वाट गेलेली असायची.

म्हणून पान पाहणं हा जिवाचा प्रश्न होता, आणि गावाला पान पाहायला शिकवलं ते भागरता मारबतेने.

भागरता एकसष्ट वर्षांची. अक्षरं शिकली तीच मुळी चौपन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात, जावयाच्या वयाच्या मास्तरासमोर बसून. शिकली आणि मग गप्प बसवेना. वाडीवर जाणाऱ्या अकरा बायांना तिने समाजमंदिरात गोळा केलं. पाटी-पेन्सिलीला त्या घाबरल्या असत्या, म्हणून तिने त्यांच्या कामातलाच ताल घेतला. रेतीत आळी पाडताना बाया एका ओळीत चालतात. पाऊल, खड्डा, बी, रेती. एकीचा हात मागे-पुढे झाला की पूर्ण ओळ वाकडी होते, त्यामुळे बारा बायांचे हात एका हातासारखे पडतात. तसंच तिने बोटांना शिकवलं.

"टेकव, एक दोन. सरकव, एक दोन तीन. सोड. आता पाच मोज. आता पाह्य."

पाच मोजायचे, कारण तेव्हा पान उघडायला तेवढा वेळ लागे. दोन दिवसांत सगळ्या बायांना जमलं. अक्षर एकीलाही येत नव्हतं, पण रंग कळत होता आणि आकडे कळत होते.

"मास्तरीणबाई, आता परीक्षा घ्या," असं म्हणून हसणारी पुष्पकला ही भागरताची धाकटी जाऊ. तीस वर्षं दोघींची एकच चूल होती. पुष्पकलाला मूलबाळ नव्हतं, आणि गावात तिला कोणी काही सांगितलं तर ती पहिल्यांदा 'बाईला विचारते' म्हणायची. बाई म्हणजे भागरता.

"परीक्षा एकच," भागरता म्हणाली. "कोणाच्या तोंडाचं आयकायचं नाई. सरपंच सांगो, नवरा सांगो, मी सांगो. पान काय सांगते ते पाह्यचं. तोंड खोटं बोलते. पान बोलत नाई."

हे वाक्य तिने किती अभिमानाने म्हटलं होतं!

पुढे दोन वर्षांनी रेतीचोरांनी एक डाव केला. कोणीतरी धरणाच्या संगणकात शिरून पान सलग चार दिवस लाल करून ठेवलं. नदी माणसांवाचून ओस पडली आणि ट्रक भरभरून रेती गेली. त्यानंतर सरकारने पानाभोवती राखणदार बसवला. 'अभेद्य' नावाच्या कंपनीचा. गावाला एवढंच कळलं की पान आता डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतं. बाया खूश झाल्या. पण शिकवलेलं शिकवलेलंच. पान उघडून समोर पडलेलं असे आणि त्या मोजत असत. एक, दोन, तीन, चार, पाच.

चैत्रात एका दुपारी पान हिरवं होतं आणि पाणी आलं.

त्या दिवशी बाया ओहोळाकाठच्या आळ्यांतच होत्या म्हणून वाचल्या. खालच्या तीन ओळी डोळ्यांदेखत वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी भागरता आणि पुष्पकला पहिल्या एसटीने धरणावर गेल्या. तिथे नियंत्रण कक्षात प्रणाली रामटेके नावाची कंत्राटावरची अभियंता होती. आधी तिने ऐकूनच घेतलं नाही.

"मावशी, काल पान लालच होतं. मी स्वतः बघितलंय. तुम्ही नीट नसेल पाहिलं."

पुष्पकला तडकली. "आमी अडाणी हाओ, आंधळ्या नाई!"

"आत्ता काय आहे ते बघा," प्रणाली म्हणाली आणि तिने आपला फोन टेबलावर ठेवला. पान लाल होतं. सव्वाबारा वाजता पाणी. भागरताने आपला फोन काढला. टेकव, सरकव, सोड, पाच मोज. आणि तो प्रणालीच्या फोनशेजारी ठेवला.

पान हिरवं होतं.

प्रणाली खुर्चीत सरळ बसली. तिने ते पुन्हा करून पाहायला लावलं. मग पुष्पकलाला करायला लावलं. भागरताच्या फोनवर तिने स्वतः बोट फिरवलं, तर पान क्षणात लाल झालं. फोन भागरताच्या हातात गेला की पुन्हा हिरवं. शेजारच्या खोलीतून चहा घेऊन आलेला शिपाई तो प्रकार बघत उभाच राहिला.

मग प्रणालीने दोघींना बसवून समजावलं. मुलगी मनाने चांगली होती, घाईत नव्हती.

"तुम्ही पानाचं नाव दाबता ना, तेव्हा फोनला त्या नावाचा पत्ता ठाऊक नसतो. तो एका मोठ्या नोंदवहीला विचारतो की या नावाचं घर कुठं आहे. पूर्वी नोंदवही आमच्या संगणकाचा पत्ता द्यायची. चोरांना पण तोच मिळायचा. आता ती आमचा पत्ता कोणालाच देत नाही, राखणदाराचा देते. तुम्ही आमच्या दारात येतच नाही, त्याच्या दारात जाता. त्याने आमच्या पानाची नक्कल नागपुरात काढून ठेवलेली असते, दर मिनिटाला नवी. ती तो जवळूनच देतो, म्हणून पान इतकं लवकर उघडतं."

"मंग चांगलंच हाय," भागरता म्हणाली.

"चांगलंच आहे. पण राखणदाराला चोर ओळखावा लागतो. चोर स्वतः येत नाही, मावशी. यंत्र पाठवतो. हजार फोनांचं सोंग घेऊन येतं. पूर्वी चित्रं दाखवून विचारायचे, यातली सायकल कुठली. आता यंत्रं ते माणसापेक्षा चांगलं सांगतात. म्हणून राखणदार बोट बघतो. माणसाचं बोट अडखळतं, घसरतं, कधी लवकर उचलतं, कधी उशिरा. दोन माणसांचं बोट सारखं नसतं. यंत्राचं दर वेळी तेच." ती थांबली. "तुमच्या बारा जणींचं बोट एकच आहे."

भागरताला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं.

"अन् यंत्र हाय म्हणून कळलं, तं दार लावून घ्यावं ना त्यानं. खोटं पान काहून देते?"

"दार लावलं तर चोराला समजतं की पकडलो. मग तो नवं सोंग घेतो. म्हणून राखणदार त्याला न सांगता जुनी नक्कल देतो. कालची, परवाची. चोर समाधानाने परत जातो." प्रणालीने आपल्या पडद्यावर एक आकडा दाखवला. मागच्या महिन्यात परतवलेले हल्ले, तीनशे साठ. "या आकड्याबद्दल आमच्या साहेबांचं कौतुक झालं. एका फोनचा दिवसाला एक हल्ला धरतात. बारा फोन, तीस दिवस."

पुष्पकला जावेकडे पाहून म्हणाली, "म्हणजे आमी चोर हाओ?"

"नाही मावशी. चोर माणूस तरी असतो."

तिच्या तोंडून ते निघून गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिने खूप सांगितलं. कंपनीला लिहिते, पण तिथेही निर्णय यंत्रच घेतं. त्याची यादी धरणालाही दिसत नाही. शिवाय कोसमटोल्याचं इंटरनेट एकाच अँटेनातून येतं, आणि त्या अँटेनाचं नाव आता खराब झालंय. तिथून कोणीही पान उघडलं तरी राखणदार संशयाने जुनंच देईल. पाण्याची वेळ फोनवर सांगायची तर रेतीचोरांच्या प्रकरणानंतर तसा हुकूमच नाही. सांगितली तर नोकरी जाईल.

"एकच करा. त्या बायांना मोजणं विसरायला सांगा. प्रत्येकीने आपापल्या मनाने बोट फिरवायचं. हळूहळू अँटेनाचं नावही सुधारेल."

संध्याकाळी समाजमंदिरात भागरताने अकरा जणींना बसवलं आणि जे शिकवलं ते विसरा म्हणून सांगितलं.

"कशा विसराव?" कोणीतरी विचारलं.

"वाटन तसं करा. जराशी थांबा, जराशी इकडं-तिकडं न्या बोट."

"म्हणजे किती थांबाव?"

"कितीबी!"

"तरी पण? तीन मोजू का चार?"

बाया हसत सुटल्या. एकीने बोट नागासारखं वळवळत नेलं, तर तिच्याकडे बघून बाकीच्या दहा जणींनी तसंच नेलं. अकराही वळवळ एका तालावर. भागरताने कपाळावर हात मारला. आठ दिवस ती रोज बसली. कोणी चिडून दाबायची, कोणी डोळे मिटून. पान काही बदललं नाही. मोजणं सुटलं की बोट कुठे ठेवायचं हेच बायांना कळेना, आणि घाबरल्या की सगळ्या आपोआप मोजू लागत.

पुष्पकलाने तर प्रयत्नच सोडला. "बाई, जन्मात एकच गोष्ट शिकली मी. माय मेली तवा सही नाई आली, अंगठा देला. लग्नाच्या कागदावर अंगठा. दवाखान्यात अंगठा. हे एक पान माह्या हातानं उघडते. तेबी विसर म्हणता?"

"जीव जाईन वं, पुष्पे."

"त्या पोरीचं तुमी आयकलं. तुमीच सांगतलं ना, तोंडाचं आयकू नोका म्हणून?"



वाडी सोडावी म्हणावं तर डांगरं पिकायला लागली होती. ती पंधरा दिवसांत खपली नाहीत तर कुजणार. तेव्हा भागरताने स्वतःच एक मार्ग काढला. गावापासून चार किलोमीटरवर फाटा आहे. तिथे दुसरा टॉवर. तिथल्या चहावाल्या दयारामचं बोट त्याचं स्वतःचं होतं; भज्याच्या तेलाने बरबटलेलं, दहादा घसरणारं. त्याच्या फोनवर पान खरं यायचं. रोज दुपारी भागरता फाट्यावर जाऊन बसे. दयारामला पान उघडायला लावी आणि लाल दिसलं की पुष्पकलाला फोन करी.

पहिल्यांदा तिने फोन केला तेव्हा बाया धावत काठावर आल्या. पाणी आलं नाही. शहरात अचानक ढग दाटून हवा गार झाली, विजेची मागणी उतरली आणि संगणकाने पाणी सोडणं रद्द केलं. दुसऱ्यांदाही तेच. त्या दिवशी डांगरं भरायला आलेला ट्रक अर्धा रिकामा परत गेला. वाडीवर कुरकुर सुरू झाली. मास्तरीणबाईंना भीती भरली, असं बाया म्हणू लागल्या. आणि प्रत्येक वेळी बायांच्या फोनवर पान हिरवंच होतं, म्हणजे दोन्ही वेळा पानच खरं ठरलं होतं.

वैशाखातल्या एका मंगळवारी साडेतीन वाजता दयारामच्या फोनवर पान लाल झालं. चार वाजता पाणी. भागरताने फोन लावला.

"पुष्पे, निघा. चारला पाणी हाय."

"बाई, माह्या पानावर हिरवं हाय. आत्ताच पाह्यलं."

"ते जुनं हाय! किती डाव सांगू?"

"मागल्या दोन डावालेबी तुमचं लाल होतं." पुष्पकलाचा आवाज रागाचा नव्हता. समजुतीचा होता, जसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. "ट्रक उभा हाय काठावर. शेवटची ओळ रायली. बाकीच्यायले पाठवते मी, तुमच्या जिवाले घोर नको. दोन टोपले भरून मीबी येतेच."

"टोपलं टाक अन् नीघ वं!"

"बाई, पान पाहून रायली ना मी. पुना पायते, तुमच्यासमोर पायते." आणि फोनमधून तिचं मोजणं ऐकू आलं. टेकव, एक दोन. सरकव, एक दोन तीन. पाच मोजून झाल्यावर ती म्हणाली, "हिरवं."

भागरता दयारामच्या मोटारसायकलवर मागे बसली. काठावर पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. दहा बाया काठावर होत्या. ओहोळात पाणी आलेलं होतं; चारची वेळ बेट बुडायची होती, ओहोळ नेहमीसारखा आधीच भरला होता. बेटावर पुष्पकला डोक्यावर टोपलं घेऊन उभी होती. पाणी दिसल्यावर तिने टोपलं खाली टाकलं नाही. खाली ठेवलं, डांगर फुटू नये असं. मग तिने पदर खोचला आणि ओहोळात पाय घातला. ढिवराची लेक होती, पोहायला येत होतं. पण धरणाचं पाणी नदीच्या पाण्यासारखं येत नाही, भिंतीसारखं येतं. काठावरून अकरा जणी ओरडत होत्या.

प्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी तीन किलोमीटर खाली बाभळीच्या मुळांत सापडलं.

पंधरा दिवसांनी तालुक्याहून चौकशी अधिकारी आले. ग्रामपंचायतीत लोक जमले. पुष्पकलाचा नवरा मोरेश्वर पहिल्या रांगेत बसला होता. दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला, आणि ते सांगायचं धाडस कोणाला झालं नव्हतं. अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला. धरणाने पान वेळेवर लाल केलं होतं. त्या दिवशी दोन ते चार या वेळात कोसमटोला परिसरातून पान पाहणाऱ्या व्यक्ती, शून्य. स्वयंचलित यंत्रांकडून आलेल्या विनंत्या, सव्वीस. सर्व यशस्वीपणे परतवल्या. सबब, मृत महिलेने सूचना पाहिली नव्हती आणि मृत्यू तिच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झाला.

"म्हणजे काय, साहेब?" मोरेश्वरने विचारलं.

"म्हणजे पान कोणी पाहिलंच नाही. नोंदीप्रमाणे त्या वेळी रेतीवर माणूस नव्हतं."

भागरता उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. भोंग्यापासून, मोजण्यापासून, प्रणालीने दाखवलेल्या दोन फोनांपर्यंत. अधिकारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चष्मा काढून पुसला.

"रामटेके मॅडमचं कंत्राट मागच्या महिन्यात संपलं. त्यांचा लेखी कागद कुठे नाही. आणि बाई, तोंडी म्हणणं मला घेता येत नाही. हरकत पोर्टलवर नोंदवा, सात दिवसांच्या आत. प्रत्येकीने आपल्या फोनवरून."

"ते पोर्टलबी त्याच राखणदाराच्या दारात हाय का?"

अधिकारी म्हणाले, "आता सगळंच आहे."

लोक पांगले तरी मोरेश्वर उठला नाही. "वैनी, मले भरपाई नोको," तो म्हणाला. "गावात म्हणून रायले की पुष्पी मोबाईल न पाहता मेली. हलगर्जी होती म्हणते. ते पाह्यत होती ना वैनी? दिवसातून दहादा पाह्यत होती. तिनं पाह्यलं होतं, येवढंच सरकारनं लिहून द्याव. बाकी काई नाई."

"लिहू," भागरता म्हणाली.

हरकतीचा मजकूर तिनेच तयार केला. चार ओळी, पण त्यांना तीन दिवस लागले. सातव्या दिवशी दुपारी अकरा जणी समाजमंदिरात बसल्या. प्रत्येकीच्या फोनवर तिने तो मजकूर बोलून भरला, आणि शेवटचं बटण जिचं तिने दाबायचं असं ठरलं. घाबरलेल्या हातांना आधार लागतो, म्हणून कोणी न सांगता सगळ्यांनी ओठातल्या ओठात मोजायला सुरुवात केली. भागरताने ऐकलं. तिने थांबवलं नाही. थांबवून काय करायला सांगणार होती?

पहिल्या फोनवर लगेच उत्तर आलं. 'आपले म्हणणे प्राप्त झाले आहे. पोच क्रमांक ४०७१८२६.' बायांनी सुस्कारा सोडला. भागरताने क्रमांक वहीत लिहून घेतला. मग दुसरा फोन उघडला. आपले म्हणणे प्राप्त झाले आहे. पोच क्रमांक ४०७१८२६. तिने तिसरा पाहिला, चौथा पाहिला. मग पेन खाली ठेवून बाकीचे नुसतेच पाहिले, आणि सगळ्यांत शेवटी आपला.

बायांना वाचता येत नव्हतं. आकडे येत होते, पण आपल्या फोनवरचा आकडा शेजारणीच्या फोनवर ताडून पाहायचं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मोरेश्वर दारात उभा होता. "पोहोचलं का, वैनी?"

भागरताने वही मिटली.

"पोहोचलं, भाऊजी."

"समद्यायचं?"

"समद्यायचं."

"मंग उत्तर कवा येईन?"

"येईन. थोडे दिवस लागतीन."

मोरेश्वरने मान डोलावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने पाणी मागितलं. ते उभ्यानेच प्यायला आणि समाजमंदिराच्या पायरीवर जाऊन बसला, फोन दोन्ही हातांत धरून.